मानस

चोडणला, फेरी लागते त्या धक्क्यापासून
पाऊण मैल आत, बांधाच्या पोटात
एक लाकडी दार आहे. त्याला आम्ही मानस म्हणतो.
पणजीहून आलेली माणसं हसतात: मानस म्हणजे तर मन.
असेल. आमचं मन असं आहे:
भरती रेटते तेव्हा मिटतं,
ओहोटी ओढते तेव्हा उघडतं,
आणि फळ्यांत अडकलेलं चिपाड
कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उतरून
काढावं लागतं.

ते काढायचा कुष्टा.
फटकळ, अर्धा बहिरा, कुणाचाच लाडका नाही.

ज्या वर्षी कोळंबीला भाव आला
त्या वर्षी गावकरीच्या बैठकीत
मी आराखडा मांडला. वय चोवीस, हातात डिप्लोमा.
लोखंडी दार, वर मोटर, एक बटण.
(बैठकीत मला बोलू दिलं, बसू दिलं नाही.
नोंदवहीत नाव भावाचं. तो कुवेतला,
त्याला बांध कुठल्या हाताला ते आठवत नाही.)

कुष्टा मागून म्हणाला,
'उंबऱ्याला तिरकी खाच आहे. कशाला गो?'
मी म्हटलं, ठाऊक नाही. तुला आहे?
'ना. माझ्या बापायलाही नव्हती ठाऊक.
म्हणून तर भिऊन असतो.'

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने.

मोटर दोन पावसाळे नीट चालली, हे सांगायला हवं.
तिसऱ्या वर्षी आश्विनातल्या अमावास्येला
वीज गेली, उधाण आलं,
दार अर्ध्यावर अडकलं आणि रात्रभर
खाडी शेतात बसून राहिली, पाहुण्यासारखी,
उठायचं नाव नाही.
सकाळी कापणीला आलेलं कोरगूट आडवं,
वर शेवटे उड्या मारतायत.
पोरांनी पिशव्या भरून नेले. त्यांना सण.

आणि खाच?
मोटर काढायला उतरले तेव्हा गाळ मांडीला लागला.
सुकतीचं पाणी त्या खाचेतून जोरात निसटायचं
आणि जाताना आपलं घाण अंथरूण
आपणच गुंडाळून न्यायचं.
मी तिच्यावर सिमेंट ओतलं होतं. सफाईने, थापी फिरवून.

कुष्टाला सांगायला गेले. तो खाटेवर होता.
'तसं होय,' म्हणाला, आणि कुशीवर वळला.
मी जिंकू दिलेला डाव त्याने घेतलाच नाही.

आता रविवारी मी उतरते.
दार पुन्हा माट्टीच्या लाकडाचं, पण फळ्या नव्या,
कुष्टाच्या बापाच्या वेळची एकही नाही.
भरतीची वेळ मोबाईलवर बघते,
खांबावरची चिऱ्याची खूणही बघते;
दोघांचं पटत नाही तेव्हा वारा बघते.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना मी इथे आणत नाही.
ते दाराला हळदकुंकू लावतील
आणि चिपाड तसंच ठेवतील.
जे दार मिटतं आणि पुन्हा उघडत नाही
त्याच्या आतलं पाणी किती लवकर कुजतं
हे मला वासाने कळतं. अशी घरं मी पाहिली आहेत.
नोंदवहीत नाव घाला म्हणून दर चैत्रात अर्ज देते.
दर चैत्रात तो परत येतो. सहावा
फायलीत आहे, सातवा लिहून ठेवलाय.
एवढ्यासाठी काही मी बांध फोडणार नाही,
आणि बांध राखते म्हणून
अर्ज मागे घेणार नाही.

परवा कुष्टाचा नातू बरोबर होता, रायू,
कानात बोंडं, पायात फ्लोटर्स.
खुंटीखाली एक चपटा दगड बसवलेला दिसला त्याला.
'हा कशाला? काढू?'

पाणी चढत होतं. बगळा उठून पलीकडे बसला.

माहीत नाही रे, म्हटलं.
तू आधी फळी धर. इकडून.